मस्टरमधला 'गेला'

परवा रात्री भाचीचा पुण्याहून फोन आला. ती एका कंपनीत एचआरमध्ये आहे. वर्षभरात त्यांच्याकडची बरीच माणसं नोकरी सोडून गेली आणि ती का गेली याचा अहवाल लिहायचं काम तिच्या गळ्यात पडलंय. बोलता बोलता म्हणाली, "मामा, सोडून जाणाऱ्याला आम्ही एक फॉर्म देतो. त्यात चौदा कारणं छापलेली असतात, एकावर खूण करायची. आणि बहुतेक जण एकाच कारणावर खूण करतात, 'वैयक्तिक'! आजोबा टाइमकीपर होते ना? त्यांच्या वेळी लोक नोकरी सोडायचे का गं... म्हणजे, का हो?" :-)

म्हटलं, अगं, तुझ्या आजोबांच्या मस्टरात एकच कारण असायचं. 'गेला'.

घरातल्या लोकांना माहीतच आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. आमचे अण्णा जालन्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात टाइमकीपर होते. १९५८ ला लागले, १९८९ ला रिटायर झाले. एकतीस वर्षं एका फाटकावर, एका टेबलाशी. काळ्या पुठ्ठ्याचं लांबलचक मस्टर, शाईची दौत, आणि शेवटी 'शेरा' नावाचा एक अरुंद रकाना. माणूस यायचा बंद झाला की आठ दिवस वाट बघायची आणि मग तांबड्या शाईनं त्या रकान्यात लिहायचं, 'गेला'. बाई असेल तर 'गेली'. कुठे गेला, का गेला, रागावून गेला की आजारी पडून, काही नाही. मी लहानपणी डबा द्यायला जायचो तेव्हा त्या तांबड्या शब्दांची मला भीती वाटायची. मला वाटायचं ती सगळी माणसं मेली!

फोन ठेवला पण डोक्यातून विषय जाईना. नोकरीतलं समाधान आणि नोकरी सोडणं यांचा संबंध काय, हा भाचीचा प्रश्न. वरवर सोपा आहे. समाधानी माणूस टिकतो, असमाधानी जातो. पण अण्णांचं मस्टर आठवलं की हे गणित कुठेतरी चुकतं असं वाटत राहिलं. म्हणून गेले दोन-तीन आठवडे जुनं-नवं वाचत होतो, त्याचा हा हिशेब.

सुरुवात आमच्या गावापासूनच करू. 'जालना सोने का पालना' ही म्हण निजामाच्या राज्यापासूनची. इथला सोन्याचा पाळणा हलत होता तो मुख्यतः कापसावर. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास इथून गेली आणि कापसाच्या गाठी मुंबईकडे जाणं सोपं झालं. गावात जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने होते. पण हा धंदा मुळातच हंगामी. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की भोंगा वाजायचा, उन्हाळ्याच्या तोंडाशी बंद. म्हणजे हंगाम संपला की मस्टरातली निम्म्याहून जास्त नावं आपोआप तांबडी. पुढच्या दिवाळीला त्यातली काही परत यायची, काही नाही. आजच्या भाषेत ह्या कारखान्याचा 'टर्नओव्हर' काढला तर आकडा बघून एचआरवाल्यांना घेरी येईल. पण त्याचा समाधानाशी काही संबंध होता का? कामच संपत होतं, तिथे समाधान कुठून मोजणार?

आता मुंबईच्या गिरण्यांकडे वळतो, कारण मराठी माणसानं 'नोकरी' हा प्रकार मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा अनुभवला तो तिथे. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या गिरणीची कंपनी काढली. पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत कोकणातून, घाटावरून लाखो माणसं तिथे गेली. ही माणसं एका गिरणीत टिकत नाहीत, सारखी गावाला पळतात, अशी मालकांची कायमची ओरड. आळशी आहेत, शिस्त नाही, शेतीचा ओढा सुटत नाही वगैरे.

१९२९ मध्ये सरकारनं व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांसंबंधी रॉयल कमिशन नेमलं. आपले ना. म. जोशी त्याचे सभासद होते. १९३१ मध्ये अहवाल आला. त्यात कमिशननं एक गोष्ट स्पष्ट नोंदवली. कामगार शहराच्या ओढीनं येत नाही, गावातली परिस्थिती त्याला ढकलते. गावात पोटापुरतं मिळालं तर फार थोडे लोक शहरात राहतील. आणि दुसरी गोष्ट, जी वाचून मी खुर्चीत सरळ बसलो, ती जॉबरची.

गिरणीत माणूस घ्यायचा आणि काढायचा अधिकार प्रत्यक्षात साहेबाच्या हातात नव्हता, तो जॉबरच्या हातात होता. (बायकांच्या खात्यात नायकीण.) काम लावून दिल्याबद्दल जॉबर दस्तुरी घ्यायचा. आता विचार करा. नवा माणूस लागला की दस्तुरी मिळते. मग जुना माणूस टिकण्यात जॉबरचा फायदा की जाण्यात? जागा रिकामी होत राहिली तरच त्याचा खिसा भरत राहणार! म्हणजे मालक ज्याला कामगाराचा चंचलपणा म्हणत होता, त्यातला काही भाग त्याच्याच फाटकाच्या आत चाललेला व्यापार होता. भरती जॉबरकडून काढून घ्या, लेबर ऑफिसर नेमा, असं कमिशननं सुचवलं. आणि १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांची रीतसर नोंद ठेवायची पद्धत आली.

भाचीला मी हेच पहिलं सांगितलं. माणसं जाण्यात तुमच्याकडे कुणाचा फायदा आहे का ते आधी बघ. ती जरा वेळ गप्प झाली, मग म्हणाली, "मामा, आमच्याकडे निम्मी माणसं एजन्सीकडून येतात. दर माणसामागे कमिशन." घ्या!

त्याच सुमाराची पण साता समुद्रापलीकडची गोष्ट म्हणजे हेन्री फोर्ड. ही मॅनेजमेंटच्या पुस्तकांत नेहमी सापडते, पण अर्धीच. १९१३ मध्ये डेट्रॉइटच्या कारखान्यात त्यानं सरकत्या पट्ट्यावर गाड्या जोडायला सुरुवात केली. दिवसभर एकच स्क्रू आवळायचा. माणसं इतकी कंटाळली की त्या वर्षी सोडून जाण्याचं प्रमाण ३७० टक्के झालं. म्हणजे साधारण चौदा हजार माणसं कामावर ठेवण्यासाठी वर्षात पन्नास हजारांहून अधिक भरावी लागली. ५ जानेवारी १९१४ ला फोर्डनं जाहीर केलं, दिवसाला पाच डॉलर, आणि नऊऐवजी आठ तास. पगार जवळजवळ दुप्पट. दुसऱ्या दिवसापासून फाटकावर हजारोंची झुंबड. सोडून जाण्याचं प्रमाण झपाट्यानं उतरलं.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. उरलेली अशी, की पाच डॉलर सगळ्यांना सरसकट मिळत नव्हते. फोर्डनं एक खास खातं उघडलं होतं. त्याची माणसं कामगाराच्या घरी जाऊन बघायची. दारू पितो का, घर स्वच्छ ठेवतो का, पैसे साठवतो का. पास झाला तर पाच डॉलर. आणि काम? तेच. तोच पट्टा, तोच स्क्रू. माणसं टिकली हे खरं, पण ती समाधानी झाली असं म्हणायला काय पुरावा आहे? सोडणं महाग पडू लागलं, एवढंच मला दिसतं.

'कामातलं समाधान' ह्या गोष्टीचा अभ्यास म्हणून विचार व्हायला लागला तो पुढे. १९३५ मध्ये रॉबर्ट हॉपॉक नावाच्या अमेरिकन माणसानं ह्याच नावाचं पुस्तक लिहिलं. त्यानं एका छोट्या गावातल्या कामकरी माणसांना विचारलं, तेव्हा बहुतेकांनी आपण समाधानी आहोत असंच सांगितलं. मंदीचे दिवस होते ते! मग १९५८ मध्ये जेम्स मार्च आणि हर्बर्ट सायमन या दोघांचं एक पुस्तक आलं. त्यांनी ह्या गुंत्याची नीट उकल केली. ते म्हणतात, माणूस जातो की राहतो हे दोन वेगळ्या गोष्टींवर ठरतं. एक, त्याला जावंसं किती वाटतं. दोन, त्याला जाता कितपत येतं. समाधानाचा संबंध पहिल्या गोष्टीशी. दुसरीचा संबंध बाजाराशी, घराशी, कर्जाशी.

हे वाचलं आणि मला १९७२ आठवलं.

७२ चा दुष्काळ मराठवाड्यात ज्यानं बघितला तो विसरणार नाही. मी दहा वर्षांचा होतो. सुकडी आणि मिलो आम्हीही खाल्लाय. गावोगाव माणसं खडी फोडायला, नालाबांधावर माती टाकायला जात होती. रोजगार हमी योजना राज्यभर आली ती ह्याच दिवसांत. (त्याचा कायदा १९७७ चा.) जिनिंगमध्ये कापूस नव्हता, काम अर्ध्यावर आलं होतं. तरी कारखान्याच्या फाटकाबाहेर रोज माणसं उभी असायची, काहीतरी काम मिळेल म्हणून. अण्णा नंतर पुष्कळदा सांगायचे की त्या साली शेऱ्याच्या रकान्यात एकसुद्धा 'गेला' नव्हता. रकाना कोरा! शेठजींनी मस्टर चाळून म्हणे कौतुकानं म्हटलं होतं, "मास्तर, आपली माणसं चांगली टिकली यंदा."

अण्णा हे सांगताना हसायचे नाहीत.

आजही आमच्या जिल्ह्यात असे कोरे रकाने आहेत. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर ह्या भागांतून दर साली दिवाळी झाली की ऊसतोडीला माणसं निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती तोडीतून फेडायची. फिटली नाही तर पुढच्या साली पुन्हा त्याच मुकादमाच्या टोळीत. पाल टाकायचं, पहाटे थंडीत फडात उतरायचं, पोरांची शाळा बुडवायची. ह्यात समाधान किती ते मी सांगायला नको. पण हंगाम अर्ध्यावर टाकून निघून जाणारे किती? फारच थोडे. कारण अंगावर उचल आहे. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ मध्ये झाला, पण उचल आपल्या जागी आहे. 'माणसं टिकवायची कशी' ह्या प्रश्नाचं हे सगळ्यात जुनं उत्तर आहे, आणि त्याला समाधान लागत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमच्या गावावर अन्याय होईल. जालन्याचं नाव देशात गेलं ते बियाण्यांमुळे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको सुरू केली. त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २०१७ मध्ये ते गेले. त्यांच्यामागून आणखी बियाणे कंपन्या इथे उभ्या राहिल्या. संकरित कपाशीचं बियाणं कसं तयार होतं ते पाहिलंय का कधी? मादी झाडाच्या उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर आज हातानं अलगद काढायचे, आणि उद्या सकाळी नर झाडाच्या फुलाचे परागकण तिच्यावर लावायचे. एकेक फूल, हातानं. हे काम मुख्यतः बायका-मुली करतात. नख जरा जोरात लागलं तर कळी गळते, एखादी कळी चुकली तर बियाण्याची शुद्धता जाते. अशा कामात सरावलेला हात निघून गेला तर नुकसान लगेच बोंडात दिसतं. त्यामुळे चांगल्या हाताची बाई पुढच्या साली दुसऱ्याच्या प्लॉटवर जाऊ नये म्हणून मालक तिची मनधरणी करताना मी पाहिलेत. तिला जाता येतं, म्हणून तिला विचारावं लागतं. मजुरी फार असते असं नाही, पण 'येता का?' असं विचारणं आणि 'या' असं सांगणं ह्यात फरक आहेच की.

आणि तिसरं काम सळईचं. आज जालना म्हटलं की लोकांना सळई आठवते. भंगार वितळवायचं, त्याचे बिलेट ओतायचे, तापवून लाटायचे. भट्टीत सोळाशे अंशांच्या आसपास तापमान, बाहेर मे महिन्यात बेचाळीस. ह्या कामावर बहुतांश माणसं उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, मध्य प्रदेशातली, आणि बरीचशी ठेकेदाराची. माणूस गेला तर ठेकेदार दुसरा आणून उभा करतो. इथे 'गेला' असं लिहायचीसुद्धा गरज नसते, कारण कंपनीच्या मस्टरात त्याचं नाव असतंच असं नाही.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि कामं थांबली. ७ मेच्या संध्याकाळी जालन्यातल्या पोलाद कारखान्यात काम करणारे वीस जण गावाकडे चालत निघाले. मध्य प्रदेशातल्या उमरिया, शहडोल भागातले. भुसावळहून रेल्वे मिळेल अशी त्यांना आशा होती. रस्त्यानं अडवतील म्हणून रुळांवरून चालले. रात्रभर चालून करमाडजवळ सटाणा शिवारात थकून रुळांवरच टेकले. गाड्या बंद आहेत असा त्यांचा समज. ८ मेच्या पहाटे मालगाडी आली. सोळा जण गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्या-पोळ्यांचा फोटो तुम्ही पाहिला असेल.

करमाड आमच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) जाताना शेकडो वेळा तिथून गेलोय. त्यानंतर पहिल्यांदा रेल्वेनं गेलो तेव्हा करमाड स्टेशनात खिडकीबाहेर बघवलं नाही.

मार्च-सायमनच्या दोन गोष्टी इथे लावून बघा. जावंसं वाटणं पुरेपूर. जाता येणं शून्य. गाडी नाही, पास नाही, हातात पैसा नाही. आणि तरी ते निघाले. त्यांच्यासाठी कुठल्या फॉर्मवर कुठल्या कारणावर खूण करायची? 'वैयक्तिक'?

आता शेवटचं, आणि हे मुख्यतः घरच्यांसाठी.

अण्णा गेले तेव्हा सगळे म्हणाले, एकतीस वर्षं एका जागी इमानानं नोकरी केली, आताच्या पोरांना जमेल का? मीही हे पुष्कळांना अभिमानानं सांगितलंय. भाचीच्या फोननंतर माळ्यावरची त्यांची ट्रंक काढली, एखादं जुनं मस्टर सापडतंय का बघायला. मस्टर नव्हतं. एक पाकीट होतं. १९७३ सालचं, चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचं पत्र. अण्णांना तिथे टाइम ऑफिसमध्ये जागा मिळाली होती. पगार जालन्यापेक्षा साठ रुपयांनी जास्त, आणि क्वार्टर. पत्राच्या घड्या पार झिजल्या होत्या. पुन्हा पुन्हा उघडून वाचलेलं पत्र असतं ना, तसं.

त्याच पाकिटात त्यांच्या अक्षरातला एक हिशेबाचा कागद. वर लिहिलेलं, 'कारखान्याची उचल, रु. १२००, एप्रिल १९७१'. खाली दरमहा पंधरा रुपयांच्या कपातीची रांग, १९७७ च्या अखेरपर्यंत. उचल हाच शब्द. ऊसतोडीवाल्यांचा. एप्रिल ७१ म्हणजे आत्याचं लग्न.

आत्या, तू हे वाचशील आणि डोळ्याला पदर लावशील हे मला माहीत आहे. तसं करू नकोस. अण्णांनी तुझं लग्न हौसेनं केलं, आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. मला फक्त एवढंच कळलं की ज्याला आपण इतकी वर्षं इमान म्हणत आलो, त्यात निदान साडेसहा वर्षं तरी ती उचल होती. उचल फिटली तेव्हा ते चाळिशी ओलांडून गेले होते, आम्ही शाळेत होतो, आणि ते पत्र जुनं झालं होतं. आणि तरी मस्टर कधी खाडाखोड न करता लिहिलं त्यांनी. आजारी बाईची हजेरी एखाद-दुसरा दिवस सांभाळून घेतली. सुट्टीच्या दिवशी 'कारखान्यावर एक चक्कर टाकून येतो' म्हणून निघायचे. म्हणजे समाधान अजिबात नव्हतं असंही मला म्हणवत नाही. दोन्ही होतं बहुधा.

भाचीला काल हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामा, आम्ही जाणाऱ्यालाच फॉर्म देतो. राहिलेल्याला कुणी विचारतच नाही." अहवालात ती आता एक प्रश्न घालणार आहे, जे आहेत त्यांच्यासाठी. उद्या दुसरीकडे जाता आलं तर तुम्ही इथे राहाल का? साहेब तो प्रश्न ठेवतील की काढतील, बघू.

अण्णांना हा प्रश्न कुणी १९७३ मध्ये विचारला असता तर त्यांनी काय सांगितलं असतं, कोण जाणे. आत्या, तुला काही बोलले होते का ते कधी? आठवत असेल तर फोन कर.

असो. पत्र ट्रंकेत परत ठेवलं नाही. टेबलाच्या खणात ठेवलंय.